मोरस बेटावरचा अर्ज

"पुन्हा एकदा वाचा," गोजाबाई म्हणाल्या.

"सात वेळा वाचलाय. आता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल."

"व्हय की. तरीबी वाचा. गाडी यायला येळ हाय."

रविवारी सकाळी साडेआठ वाजता सोलापूरच्या स्टँडवर मांडीवर फाईल उघडून बसायची मला काही हौस नव्हती. शेजारी एक गृहस्थ मोबाईलवर मोठ्यानं भजन लावून बसले होते. पण या बाईला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. माझी बायको गोदावरी अर्धांगवायूनं दोन महिने सरकारी दवाखान्यात पडून होती, तेव्हा गोजाबाई त्या वॉर्डात आया होत्या. गोदावरीला कुशीवर वळवताना त्या तिच्याशी बोलत राहायच्या. नवरा असून मला ते सुचत नव्हतं. गोदावरी गेली, पुढं गोजाबाई निवृत्त झाल्या आणि माझ्याकडे स्वयंपाकाला यायला लागल्या. त्याला चार वर्षं झाली.

मी वेणीमाधव वांगीकर. छत्तीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात कारकुनी केली. मोडी वाचता येते, एवढंच काय ते माझ्याकडे आहे, आणि निवृत्तीनंतर त्याचीही कुणाला गरज उरली नव्हती. मग महिन्याभरापूर्वी मॉरिशसहून एक निरोप आला. तिथल्या दप्तरखान्यात एक बाई काम करतात. आडनाव मराठी, भाषा तुटक. कैद्यांच्या जुन्या कागदांत त्यांना एक मोडी अर्ज सापडला होता आणि वाचणारं कुणी नव्हतं. माझा नंबर त्यांना कुठून मिळाला देव जाणे. मी चष्मा पुसून फोटो मोठा केला. तिसऱ्या ओळीत 'आष्टी' दिसलं, तेव्हा मी उठून पाणी प्यालो.

आष्टी म्हणजे आपल्या मोहोळ तालुक्यातली. १८१८ च्या फेब्रुवारीत पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी एक तिथं झाली, सेनापती बापू गोखले पडले. शाळेत हे सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि सगळे विसरलेले असतात. त्या लढाईतला माणूस समुद्रापलीकडच्या बेटावर काय करत होता?

"वाचताय न्हवं?" गोजाबाई म्हणाल्या.

मी वाचलं.

"अर्जदार गुंडा वल्द सिदू धनगर, सोलापूर प्रांतीचा राहणार, हाली मुक्काम मोरस बेट, सडकेचे कामावर, अर्ज करतो ऐसाजे. आष्टीचे लढाईत घोडा पडला, मी वाचलो. पुढे आठ वर्षे डोंगरी फिरलो. कुंपणी सरकारने दरोड्याचा आरोप ठेवून धरिले व गलबतावर घालून येथे पाठविले. घरी माझे क्रियाकर्म होऊन दगड उभा राहिला होता, सबब गावी जाता आले नाही. मेंढरांचे तळावर बायको काशम्मा हिजकडे दोन वेळा जाऊन आलो. तिचे पोटी मुलगा जाहला, तो माझा आहे. ती बोलली तर मला फाशी, न बोलली तर तिला बट्टा. ती बोलली नाही. सरकारांनी मेहेरबान होऊन वाडीचे पाटलास लिहावे की, मुलगा गुंडाचा आहे. मला सोडावे असे मागत नाही."

खाली अंगठा. साल १८३४. अक्षर दुसऱ्या कुणाचं, कुणीतरी लिहिता येणारा कैदी असावा. कोपऱ्यात एका साहेबाचा इंग्रजी शेरा आहे: वाचता येत नाही, दप्तरी ठेवा. आयुष्यभर मी तेच केलं, न वाचलेले कागद दप्तरी ठेवले. तो शेरा बघून मला स्वतःची लाज वाटली.

मधली एक ओळ भावाबद्दलची होती. ती गोजाबाईंना मी घरी वाचून दाखवली होती, पण वाडीत वाचायची नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. तिनं आमचं काम बिघडलं असतं.

"मोरस म्हंजी साखरंचं न्हवं?" अर्ज पहिल्यांदा ऐकल्यावर गोजाबाईंनी विचारलं होतं. "आमची आज्जी पांढऱ्या साखरंला मोरस म्हनायची."

"तेच. तिथूनच साखर यायची म्हणून मोरस."

"मंजी त्येची खबर आली न्हाय, साखर तेवढी आली," त्या म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

आता माझी चूक सांगून टाकतो. अर्ज वाचला त्याच दिवशी मला कळलं होतं की तो कुणाचा आहे. गुंडा, काशम्मा आणि तो दगड, तिन्ही गोष्टी मी माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलेल्या होत्या. पण मी तीन आठवडे गप्प बसलो, कारण मी लेख लिहीत होतो. वर्तमानपत्रात छापून येईल, फोटो येईल, दप्तरखान्यातले जुने लोक वाचतील, असं काहीबाही डोक्यात होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला हे सुचावं याला काय म्हणायचं. मग एक दिवस गोजाबाईंनी रविवारची सुट्टी मागितली. वाडीत हेळवी येणार म्हणाल्या. तेव्हा मला सांगावं लागलं.

त्यांनी गॅस बंद केला आणि जमिनीवर बसल्या.

"तीन आटवडं दाबून ठिवलं व्हय तुमी?"

"लेख पुरा करत होतो."

"ज्येचा कागूद त्येला आदी द्यावा, आण्णा. मग जगाला."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांचं मागणं काय होतं, ते सांगतो. वळसंगच्या पुढं त्यांच्या सासरची वाडी आहे. वाडीबाहेर एक दगड आहे, घोड्यावरच्या माणसाचा. आष्टीला पडलेल्या गुंडाचा म्हणून त्याला दरवर्षी भंडारा लावतात, नवी घोंगडी पांघरतात, निवद दाखवतात. तो मान गुंडाच्या भावाच्या घराण्याचा. गुंडाची बायको काशम्मा हिला लढाईनंतर चार वर्षांनी मुलगा झाला, म्हणून तिचा वंश 'कडू' ठरला, म्हणजे बापाचा पत्ता नसलेला. गोजाबाईंचे यजमान बिरुदेव त्या कडू शाखेतले. दगडापाशी त्यांनी ओळीबाहेर उभं राहायचं, प्रसाद वरून ओंजळीत घ्यायचा. हे आजही चालतं. वाडीत मोबाईलचा टॉवर आहे, इंग्रजी शाळेची पिवळी बस येते आणि हेही चालतं.

त्यांना एकच मुलगा होता, बसू. अकरा वर्षांचा असताना तापानं गेला. धनगर समाजात पुरायची रीत. घराण्याची जागा दगडाजवळ, तिथं बसूला पुरू दिलं नाही. बिरुदेवनं त्याला अक्कलकोट रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली ठेवला. पुढं रस्ता चौपदरी झाला, बाभूळ गेली, जागाही गेली. बिरुदेवही गेला. "आता त्येच्यावरनं टरका जात्यात," असं त्यांनी मला एकदा भाकरी थापताना सांगितलं होतं, मान वर न करता.

राहता राहिलं नाव. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे लोक. पूर्वी बैलावर बसून यायचे. या वाडीचा हेळवी पंचाक्षरी आता मोटारसायकलवर येतो, पाच-सहा वर्षांतून एकदा. सगळं घराणं जमतं. तो घोंगडीवर बसून मूळ पुरुषापासून परवा जन्मलेल्या पोरापर्यंत नावं म्हणतो, नवी नावं लिहून घेतो. कडू शाखेपाशी आला की थांबतो आणि पान उलटतो. बसूचं नाव गोजाबाईंनी दोनदा लिहायला सांगितलं होतं. वाचायचं नाही तर लिहून काय करता, असं म्हणून वाडीतल्यांनी त्यांना हेळव्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. त्यांना ते नाव एकदा हेळव्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बिरोबाच्या देवळापुढं मांडव घातला होता आणि पंचाक्षरी पोथ्या सोडत होता. पन्नाशीचा माणूस, कपाळावर भस्म, खिशाला दोन पेनं. त्याच्यासमोर घराण्याचे कर्ते, माउली आबा. ऐंशीच्या पुढचे, पांढरं पागोटं, हातात काठी. चाळीसेक माणसं बसली होती. गोजाबाई मांडवाच्या कडेला, जिथं सतरंजी संपत होती तिथं मातीत बसल्या. मला मात्र खुर्ची दिली. मी खुर्ची बाजूला सारून त्यांच्याजवळ मातीत बसलो. गुडघ्यांनी त्याचा दोन दिवस सूड घेतला.

पंचाक्षरीनं म्हणायला सुरुवात केली. आवाज चांगला होता, कानडी हेल असलेला. नावामागून नाव. ज्याच्या बापाचं नाव येईल तो कपाळाला हात लावायचा. सिदूपाशी आला. "सिदूचे दोन. थोरला गुंडा, आष्टीच्या रणात पडला, दगडात बसला. धाकटा बिरू," असं म्हणून त्यानं पुढचं पान न वाचताच उलटलं.

"थांबा," मी म्हणालो.

सगळ्यांनी बघितलं. मी उठलो, फाईल काढली, ओळख करून दिली, कागद कुठून आला ते सांगितलं आणि वाचायला लागलो. माझं वाचन चांगलं आहे, हे मी स्वतःच सांगतो. भावाची ओळ गाळून मी शेवटापर्यंत आलो.

मांडवाबाहेर एक शेळी ओरडत होती. मग माउली आबा म्हणाले, "झालं तुमचं? बसा. जेवून जावा."

"आबा, याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का?"

"आला की. आमचा वीर पळून गेला, दरोडं घालीत फिरला आनि बेड्या घालून मेला, आसं तुमी सांगाया आलायसा."

"पळाला असं कुठं लिहिलंय? घोडा पडला, तो वाचला."

"मग माज्या बानं, आज्ज्यानं, मी, कुनाला निवद दावला दोनशे वर्सं? मोकळ्या दगडाला?" आबांचा आवाज चढला नव्हता. "मास्तर, आमच्याकडं राजवाडा न्हाय, किल्ला न्हाय. त्यो एक दगूड हाय."

"आणि त्या दगडापायी एका बाईच्या सात पिढ्या तुम्ही मातीत बसवल्या," मी म्हणालो. माझा तोल गेला होता. "कागद सरकारी आहे. मी हा छापणार आहे. मग बघा."

हे मी बोलायला नको होतं. मागची दोन तरुण माणसं उठून उभी राहिली. पंचाक्षरीनं पोथीचं कापड हातात घेतलं. "वाद आसंल तर मी वाचत न्हाय," तो म्हणाला. "कर्त्यानं हो म्हनल्याबिगर आमी पान उगडत न्हाय. आमची रीत हाय."

तो पोथी बांधायला लागला. पुढची फेरी पाच-सहा वर्षांनी, म्हणजे गोजाबाई बाहत्तर-त्र्याहत्तरच्या झाल्या असत्या. त्यांना साखर आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं. पुढच्या फेरीची भाषा त्यांच्यापाशी करण्यात काही अर्थ नव्हता, आणि हे सगळं माझ्या तोंडानं घडवलं होतं.

"आण्णा," गोजाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भावाची वळ ऱ्हायली."

मी खाली वाकून हळूच म्हणालो, "मुद्दाम ठेवलीय. ती नको."

"का नको? त्येनं लिवलीय ती. त्येच्या कागदातलं आपुन कसं गाळायचं?"

"तुमचं नुकसान होईल."

"हुंद्या."

मी वाचेना, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि स्वतःच म्हणाल्या. अक्षरओळख नाही, पण शब्द जागचा हलला नाही. "भाऊ बिरू यास सर्व ठाऊक आहे. सरकारचे लोक माग काढीत आले तेव्हा मी मेलो असे दाखविणेकरिता त्याने दगड उभा केला. माझा जीव त्याने राखिला. त्याजकडे बोल नाही."

माउली आबा गोजाबाईंकडे बघत राहिले. त्या ओळीत त्यांच्या मूळ पुरुषाची अब्रू होती, आणि तिच्यातच त्याचं पापही होतं. भावाला वाचवण्यासाठी त्यानं दगड उभा केला. भावजयीला मुलगा झाला तेव्हा तो कुणाचा हे त्याला माहीत होतं, आणि तो गप्प राहिला. भाऊ पकडला गेल्यावर, बेटावर गेल्यावर, लपवायचं कारण संपल्यावरसुद्धा. हे कुणीच मोठ्यानं बोललं नाही. आबा म्हातारे होते, मूर्ख नव्हते.

"मंजी बिरूला ठावं हुतं," ते म्हणाले.

"व्हय, आबा."

"आनि तरी काशम्माला बाहीर बशिवली."

"ते आता त्येला कोन इचारनार? न्हाई बोलता आलं आसंल. दगडाला निवद दावला की मग त्यो जित्ता हाय म्हनायला तोंड हुत न्हाय मान्साला." गोजाबाईंनी पदर खोचला. "आबा, मी दगूड मागाया आले न्हाय. त्यो ऱ्हाऊ द्या. मान तुमचाच ऱ्हाऊ द्या. निवद वाया गेला न्हाय, त्यो बी मेलाच की, निस्ता लांब मेला. माझं मागनं ल्हान हाय. माज्या लेकाला ह्या वाडीत हातभर जागा घावली न्हाय. जी घावली तिच्यावर सडक झाली. आता तेवडं नाव वाचा. एकदाच वाचा."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. दवाखान्यात कुणाचं माणूस गेलं की त्यांच्या अंगावर पडून बायका रडायच्या, मी पाहिलं होतं. त्या स्वतः रडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, त्या दिवशीही नाहीत.

माउली आबांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली. पागोटं काढून मांडीवर घेतलं. टक्कल उन्हात पांढरं दिसत होतं. मागं उभ्या राहिलेल्या पोरांना त्यांनी हातानं बसायची खूण केली.

"पंचाक्षरी," ते म्हणाले, "ते पान सोड."

"कर्त्याचा शबुद?"

"शबुद. पर सावकाश वाच. मला ऐकू कमी येतं."

पंचाक्षरीनं पोथी पुन्हा सोडली. जे पान तो आणि त्याच्या आधीचे हेळवी उलटून टाकत आले होते, तिथं थांबला. मला वाटत होतं तिथं काही नसेल. मी मान लांबवून पाहिलं आणि चाट पडलो. सगळं लिहिलेलं होतं. पिढीमागून पिढी, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी.

"लिवलेलं होतं?" मी विचारलं.

"हेळवी लिवायचं सोडत न्हाय. वाचत न्हवतो, एवडंच," तो म्हणाला. मग त्यानं वरच्या नावावर बोट ठेवलं. तिथं पुरुषाचं नाव नव्हतं. काशम्मा, एवढंच होतं. त्यानं आबांकडे पाहिलं, आबांनी मान हलवली, आणि त्यानं खिशातलं पेन काढून त्या नावाच्या आधी 'गुंडा' लिहिलं.

मग तो म्हणायला लागला. "सिदूचा गुंडा. गुंडाची काशम्मा. त्यांचा येळू. येळूचा तम्मा." अर्ज ज्या मुलाबद्दल होता त्याचं नाव मला तेव्हा कळलं. बेटावरच्या बापाला ते कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. नावं येत गेली. ओळीत बसलेली माणसं एकेक करून कपाळाला हात लावायला लागली, आधी म्हातारी, मग बाकीची. "सायबूचा बिरुदेव," तो म्हणाला, तेव्हा गोजाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"फुडं?" पंचाक्षरीनं विचारलं. तिथून पुढं पान रिकामं होतं. "बिरुदेवाचा?"

"बसू," गोजाबाई म्हणाल्या.

"बसवराज?"

"न्हाय. बसूच. शाळंत बी बसूच हुतं."

त्यानं लिहिलं. लिहिताना पेन जरा अडलं, त्यानं बोटावर ओढून बघितलं आणि पुन्हा गिरवलं. मग पोथी वर धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हेल काढून म्हणाला, "बिरुदेवाचा बसू." मांडवातल्या चाळीस माणसांनी कपाळाला हात लावला. माउली आबांनीही लावला.

लेखाचा विचार त्या वेळी एकदाही मनात आला नाही, आणि पुढंही मी तो छापायला दिला नाही.

पंचाक्षरीनं पोथी खाली ठेवली. शाई वाळावी म्हणून पान उघडंच राहू दिलं. गोजाबाई प्रथमच सतरंजीवरून चालत पुढं आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. वाचता येत नसलं तरी त्यांनी पान नीट पाहिलं. नावांखाली चार बोटं जागा मोकळी होती. मग पुढच्या घराची नावं सुरू करायला त्यानं आडवी रेघ मारली होती.

"येवडी जागा कशाला सोडली?" त्यांनी विचारलं.

"फुडच्यासाटी, अव्वा. परत्येक पोराच्या खाली सोडतो. रीत हाय."

गोजाबाईंनी त्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला. शाई ओली आहे, असं तो म्हणणार होता, पण म्हणाला नाही. त्यांनी हात तसाच ठेवला, तापलेल्या पोराच्या पोटावर ठेवतात तसा, आणि कुणीही त्यांना घाई केली नाही.